गावातल्या घरासाठी विजेचा हीटर: निवड, जोडणी आणि वापर

आमच्या वर्धा जिल्ह्यातील गावात हीटरची आठवण होते ती बहुधा घरात बाळंतीण आली म्हणजे. लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते, नेमका डिसेंबर असतो, आणि पूर्वीसारखी खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवू नका असे डॉक्टर बजावून सांगतात. मग घरातले कोणीतरी संध्याकाळच्या गाडीने तालुक्याला जाते आणि दुकानात जो हीटर असेल तो उचलून आणते. तीन वर्षांपूर्वी मीही असाच हीटर आणला होता. तो लावल्यानंतर पहिल्याच रात्री दोनच्या सुमारास जळक्या प्लास्टिकच्या वासाने जाग आली, तेव्हा बोर्डातील प्लगचे भोक काळे पडून वितळू लागलेले होते आणि पिन हाताने निघत नव्हती. मेन स्विच पाडला म्हणून पुढचा अनर्थ टळला. त्यानंतर वायरमनकडून, दुकानदाराकडून आणि स्वतःच्या चुकांतून जे शिकलो ते पहिल्यांदाच हीटर घेणाऱ्यांसाठी येथे क्रमाने मांडतो. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण हीटरविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ हीटरमध्ये नसते. ते खोलीच्या छतात, भिंतीतल्या वायरमध्ये आणि खांबावरून येणाऱ्या व्होल्टेजमध्ये असते.

पहिली पायरी: आधी खोली पाहावी

दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलीतील नुसती हवा दहा अंशांनी तापवायची असेल, तर २००० वॅटच्या हीटरला हिशेबाने जेमतेम तीन मिनिटे लागतात. प्रत्यक्षात मात्र अर्धा-पाऊण तास हीटर चालवूनही खोली गार राहते, याचा अर्थ तापलेली हवा कुठून तरी निघून जात आहे आणि उरलेली उष्णता थंड भिंती व जमीन शोषून घेत आहेत. गरम हवा हलकी असल्यामुळे वर चढते. आपल्याकडच्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरात मधला आडा (छताचा सर्वांत उंच वासा) चौदा-पंधरा फुटांवर असतो, कवेलूंच्या सांध्यांतून दिवसा उजेडाच्या तिरीपी दिसतात, आणि भिंत व छत यांच्यामध्ये वीतभर फट सुटलेली असते. उन्हाळ्यात हीच फट घराला गार ठेवते, पण हिवाळ्यात हीटरची सगळी कमाई ती बाहेर सोडून देते. टिनाच्या छताची स्थिती आणखी वाईट, कारण टिन रात्री फार लवकर गार पडते.

म्हणून हीटर घेण्याच्या आधी घरातील सर्वांत लहान, कमी उंचीची आणि कमी दारे असलेली खोली निवडावी. बहुतेक जुन्या घरांत ती माजघराला लागून असलेली खोली असते. ओसरीवर किंवा समोरच्या बैठकीत हीटर लावण्याचा उपयोग होत नाही. निवडलेल्या खोलीच्या भिंतीवरची फट विटांचे तुकडे व माती भरून बुजवावी, दाराच्या खाली रिकाम्या पोत्याची घट्ट गुंडाळी लावावी, आणि खिडकीची मोडलेली फळी आधी बसवून घ्यावी. या कामांना जवळपास काहीच खर्च येत नाही. मी ती केली तेव्हा पूर्वी जी खोली रात्रभर तापत नव्हती ती त्याच हीटरने तासाभरात सुसह्य झाली. काही घरांत कवेलूंच्या खाली कापडाचा चांदवा बांधतात. त्याने ऊब टिकते हे खरे, परंतु चांदवा असलेल्या खोलीत लाल होणाऱ्या कांडीचा हीटर मुळीच वापरू नये.

खोली बंद करताना एक बोटभर फट मात्र ठेवावी. विजेचा हीटर प्राणवायू जाळतो अशी गावात समजूत आहे. ती बरोबर नाही, कारण त्याच्या आत काहीच जळत नसते, केवळ तार तापते. पण चार माणसे रात्रभर एका बंद खोलीत झोपली तर श्वासानेच हवा कोंदट होते, म्हणून थोडी ताजी हवा लागतेच. निखाऱ्यांच्या शेगडीची गोष्ट मात्र निराळी आहे. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठूच देत नाही. हीटर पुरत नाही म्हणून सोबतीला शेगडी आत आणून ठेवणे हा जिवावरचा प्रकार आहे. पऱ्हाट्यांची शेकोटी अंगणातच बरी.

दुसरी पायरी: वायरिंग तपासून घ्यावे

माझा प्लग का वितळला, याचे उत्तर साध्या भागाकारात आहे. २००० वॅटला २३० व्होल्टने भागले की पावणेनऊ अँपिअरच्या जवळपास करंट येतो. घरातील पंखा, टीव्ही, मोबाइल चार्जर ज्या लहान प्लगवर चालतात, ज्याला आपण अजूनही पाच अँपिअरचा प्लग म्हणतो, तो फार तर सहा अँपिअरसाठी बनवलेला असतो. मोठ्या हीटरची पिन जाड असते, ती लहान प्लगमध्ये बसतच नाही, आणि ती बसत नाही ही सूचनाच आहे. पण दुकानात वीस-तीस रुपयांना कन्व्हर्टर पिन मिळते, आपण ती लावतो आणि त्या सूचनेकडे पाठ फिरवतो. मी नेमके हेच केले होते.

तेव्हा १२०० वॅटपेक्षा मोठा हीटर घ्यायचा असेल तर त्या खोलीत जाड पिनेचा, पंधरा-सोळा अँपिअरचा पॉवर प्लग हवा. नुसता प्लग बदलूनही भागत नाही. त्या प्लगपर्यंत मेन बोर्डापासून स्वतंत्र वायर ओढलेली असावी, ती तांब्याची आणि निदान अडीच स्क्वेअर एमएमची असावी, आणि तिला स्वतःचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, असावा. बऱ्याच घरांत दिव्याच्या बारीक वायरवरच नंतर पॉवर प्लग बसवून दिलेला असतो. तो वरून दणकट दिसतो, पण भिंतीच्या आत वायर तापत राहते. म्हणून वायरमनला बोलावल्यावर प्लगचे झाकण उघडून मागची वायर आपल्या डोळ्यांनी पाहावी.

अर्थिंगविषयी विशेष सांगावेसे वाटते. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव असा की पावसाळा संपला की ती आकसते आणि तिला भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची मातीही तशीच सुटते, आणि ऑगस्टमध्ये चांगले असलेले अर्थिंग उन्हाळ्याच्या तोंडाशी नावापुरते उरते. हिवाळा सुरू झाल्यापासून आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावे, आणि अर्थिंग लागते की नाही हे वायरमनकडून तपासून घ्यावे. स्वतः वायर लावून पाहण्याचा प्रयोग करू नये. हीटरची बॉडी धातूची असते, त्यामुळे पिनेचा तिसरा, वरचा दांडा कापून दोन भोकांच्या प्लगमध्ये घालण्याची जी सवय आपल्याकडे आहे ती येथे प्राणघातक ठरू शकते. शक्य असल्यास मेन बोर्डात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. शेणाने सारवलेल्या ओलसर जमिनीवर अनवाणी वावरणाऱ्या घरात हा खर्च हीटरच्याही आधी करण्याजोगा आहे.

एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर लावू नये. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त एक्स्टेन्शनची वायर बाहेरून जाड भासते, पण ती जाडी रबराची असते आणि आत तांब्याचे मोजके बारीक केस असतात. गुंडाळी तशीच ठेवून वापरली तर ती आणखी तापते. हीटरची स्वतःची वायर दीड-दोन मीटरचीच असते. म्हणून खाट कुठे राहील आणि हीटर कुठे राहील हे ठरवूनच पॉवर प्लगची जागा निश्चित करावी.

याच वेळी महावितरणच्या बिलावरील मंजूर भार हा रकाना पाहून घ्यावा. गावातील पुष्कळ घरांचा मंजूर भार अर्धा किंवा एक किलोवॅटच असतो, आणि एकटा मोठा हीटर दोन किलोवॅटचा असतो. नेहमी वापरायचा असेल तर भार वाढवण्याचा अर्ज करावा. एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्याच्या जागी मोठा एमसीबी बसवणे, किंवा किटकॅटमध्ये (चिनी मातीच्या फ्यूजमध्ये) फ्यूजच्या तारेऐवजी साधी जाड तार पिळणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. एमसीबी पडतो तेव्हा तो वायर वाचवत असतो. सकाळी आंघोळीच्या पाण्यात टाकायचा रॉड आणि हीटर एकाच वेळी चालवला तर बहुतेक घरांत तो पडणारच. तेव्हा आधी पाणी तापवून घ्यावे, मग हीटर लावावा.

व्होल्टेजचा परिणाम

गहू-हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत गावातील व्होल्टेज कसे पडते हे निराळे सांगण्याची गरज नाही. हीटरवर त्याचा परिणाम मात्र आपल्या अंदाजापेक्षा बराच मोठा असतो. व्होल्टेज थोडे घटले की उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टवर २००० वॅट देणारा हीटर २०० व्होल्टवर सुमारे १५०० वॅट देतो आणि १८० व्होल्टवर सव्वाबाराशे वॅटच्या आसपास येतो. म्हणजे खोक्यावर लिहिलेल्या उष्णतेचा जवळजवळ चाळीस टक्के भाग गायब होतो, आणि आपण म्हणतो की हीटर खराब निघाला. माझ्या शेजाऱ्याने याच कारणासाठी एक हीटर बदलून दुसरा आणला आणि तोही तितकाच मंद निघाला. त्याचे घर डीपीपासून, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरपासून, लांब होते आणि संध्याकाळी मीटरवर व्होल्टेज १७५ च्या वर जातच नव्हते. दिलासा एवढाच की हीटर कमी तापला तर युनिटही कमी पडतात.

तेव्हा खरेदीच्या आधी दोन-तीन दिवस संध्याकाळी सातच्या आणि रात्री दहाच्या सुमारास व्होल्टेज मोजून घ्यावे. प्लगमध्ये खोचायचे साधे डिजिटल व्होल्टमीटर विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते. हीटरसाठी स्टॅबिलायझर घेण्याच्या फंदात पडू नये. दोन किलोवॅटचा भार पेलणारा स्टॅबिलायझर महाग असतो आणि तो आधीच पडलेल्या लाइनवरून आणखी करंट ओढतो. त्यापेक्षा माणसाच्या जवळ ठेवायचा लहान हीटर आणि जाड वाकळ हे अधिक उपयोगाचे. इन्व्हर्टरवरही हीटर चालवायचा नसतो. घरगुती इन्व्हर्टर हा भार उचलत नाही, आणि लहान हीटरने तो उचलला तरी बॅटरी थोड्याच वेळात बसते. खोलीतील पॉवर प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर तर जोडलेला नाही ना, हे वायरमनला विचारून घ्यावे.

रात्री दिवे अचानक प्रखर झाले किंवा पंखा भलत्याच वेगाने फिरू लागला तर हीटरच नव्हे, सगळीच उपकरणे लगेच बंद करून लाइनमनला कळवावे. डीपीवरचा न्यूट्रल तुटला की घरात दुप्पटीच्या जवळपास व्होल्टेज शिरू शकते. महावितरणचा तक्रारीचा क्रमांक १९१२ आहे.

तिसरी पायरी: प्रकार निवडावा

विजेचा कोणताही हीटर एका युनिटमधून सारखीच उष्णता देतो. महागडा हीटर त्याच विजेत दुप्पट ऊब देतो हे दुकानदाराचे म्हणणे खरे मानू नये. फरक पडतो तो उष्णता कुठे आणि कशी पोहोचते यात.

लाल होणाऱ्या कांडीचा हीटर, म्हणजे क्वार्ट्झ किंवा हॅलोजनचा, हवेला फारसे तापवत नाही. तो उन्हासारखा समोरच्या माणसाला थेट शेकतो. बहुधा चारशे वॅटची एक कांडी अशा दोन-तीन कांड्या त्यात असतात आणि किमतीने तो सर्वांत स्वस्त असतो. उंच छताच्या, फटी असलेल्या कवेलूच्या घरात म्हातारी माणसे संध्याकाळी तास-दोन तास बसतात तेव्हा हाच उपयोगी पडतो, कारण वर निघून जाणाऱ्या हवेवर तो विसंबून नसतो. त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. समोरून बाजूला झाले की ऊब संपते, कांडी नाजूक असते, उजेड डोळ्यांवर येतो, आणि आग लागण्याचा धोका सर्वांत अधिक याचाच. झोपलेल्या माणसाजवळ तो चालू ठेवू नये.

पंख्याचा हीटर, ज्याला दुकानात ब्लोअर म्हणतात, खोली लवकर गरम करतो. बहुतेकांना १००० आणि २००० वॅट अशी दोन बटणे असतात. स्लॅबच्या लहान बंद खोलीत, बाळाला आंघोळ घालून आणल्यावर दहा-पंधरा मिनिटे ऊब हवी असेल तेव्हा त्याच्यासारखा दुसरा नाही. पण बंद केला की खोली पुन्हा पटकन गार होते, आवाज येतो, आणि जमिनीवरची धूळ तो उडवत राहतो. सारवलेल्या जमिनीच्या घरात ही धूळ बाळाच्या नाकातोंडात जाते, म्हणून तो जमिनीवर न ठेवता शहाबादी फरशीच्या तुकड्यावर किंवा पक्क्या, न हलणाऱ्या ओट्यावर ठेवावा.

या हीटरविषयी नव्या माणसाची सर्वांत जास्त होणारी तक्रार म्हणजे तो आपोआप बंद पडतो. त्याच्या बटणातील थर्मोस्टॅट खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यातील हवा मोजत नाही, तर हीटरच्या अंगालगतची हवा मोजतो. ती आधी तापते आणि थर्मोस्टॅट वीज तोडतो, मग खोली गार का असेना. बटण पूर्ण फिरवून ठेवावे, खोली हवी तेवढी गरम झाली की हळूहळू मागे फिरवावे, आणि जेथे टक् असा आवाज येतो तेथे सोडावे. मागची जाळी भिंतीला टेकली असेल किंवा धुळीने बुजली असेल तर सुरक्षेसाठीचा दुसरा कटआउट पडतो. तेव्हा पिन काढून अर्धा तास थंड होऊ द्यावे आणि जाळी साफ करावी.

तेलाचा हीटर, म्हणजे ऑइल फिल्ड रेडिएटर, हा नऊ, अकरा, तेरा पाकळ्यांचा जड लोखंडी प्रकार आहे. त्यातील तेल जळत नाही, संपत नाही आणि बदलायचेही नसते. ते तापायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि या पहिल्या अर्ध्या तासातच लोक निराश होतात. पण एकदा तापले की ऊब सौम्य असते, आवाज नसतो, उजेड नसतो, आणि वीज गेल्यावरही काही वेळ पाकळ्या गरम राहतात. बाळंतिणीच्या खोलीसाठी, खोली लहान आणि नीट बंद होणारी असल्यास, मी हाच घ्यावा असे म्हणेन. किंमत इतरांच्या कित्येक पटींनी जास्त असते, आणि कवेलूच्या उघड्या खोलीत ती सर्व वाया जाते.

चौथी पायरी: खरेदी

आपल्याकडच्या दुकानदाराचा सगळा धंदा कूलरवर चालतो. थंडी खरी पडते ती सहा-आठ आठवडे, त्यामुळे तालुक्याच्या दुकानात हीटरचे दोन-चारच नग असतात आणि त्यांतले काही मागच्या किंवा त्याच्याही मागच्या हिवाळ्यातले असतात. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांवर आले होते. अशी लाट आली की असलेले नगही एका दिवसात उठतात आणि मग निवडीला वावच राहत नाही. म्हणून घरात म्हातारे माणूस किंवा येऊ घातलेले बाळ असेल तर दिवाळी संपताच खरेदी उरकावी.

खोक्यावर उत्पादनाचा महिना व वर्ष छापलेले असते, ते आधी वाचावे. नंतर हीटरच्या अंगावरची पट्टी पाहावी. तिच्यावर आयएसआयचे चिन्ह, त्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असायला हवा. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की परवाना कोणाच्या नावाचा आहे आणि चालू आहे की नाही हे तेथेच कळते. आठवडी बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या हीटरवर हे चिन्ह एक तर नसते किंवा नुसते चित्र असते आणि क्रमांक नसतो. असा हीटर फुकट मिळाला तरी घरात आणू नये.

दुकानातच हीटर दहा मिनिटे चालवून पाहावा. सर्व कांड्या किंवा दोन्ही बटणे चालतात का, पंख्याचा आवाज एकसारखा आहे का, थर्मोस्टॅट फिरवल्यावर वीज तुटते का, आणि आडवा झाल्यास बंद होण्याची सोय असेल तर हीटर किंचित उचलल्यावर तो बंद होतो का, हे सर्व तपासता येते. तेलाच्या हीटरच्या पाकळ्यांच्या जोडांवर तेलाचा ओलसरपणा नाही ना ते बोट फिरवून पाहावे. तो घरी आणताना उभाच आणावा, आणि आडवा झालाच तर काही वेळ उभा ठेवून मगच चालू करावा.

बिल पक्केच घ्यावे. माझ्या पहिल्या हीटरची कॉइल आठव्या दिवशी गेली. दुकानात परत घेऊन गेलो तेव्हा मला दिलेली चिठ्ठी हे कच्चे बिल असल्याने वॉरंटी लागू होत नाही, असे सांगून परत पाठवण्यात आले. शंभर-दोनशे रुपये वाचतील या आशेने ते कच्चे बिल मीच मान्य केले होते. पक्क्या बिलावर हीटरचा मॉडेल क्रमांक आणि तारीख असावी, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का त्याच वेळी मारून घ्यावा, आणि जवळचे सर्व्हिस सेंटर कोणत्या गावी आहे हे विचारावे. ते नागपूर किंवा अमरावतीला असेल तर जड हीटर नेण्या-आणण्याचा खर्च आपल्यावरच येतो. ऑनलाइन मागवायचे असल्यास आपल्या पिनकोडवर ती वस्तू परत नेण्याची सोय आहे का हे आधी पाहावे, कारण वस्तू पोहोचवतात पण परत नेत नाहीत असा अनुभव गावांत येतो. खोके उघडताना मोबाइलवर सलग चित्रण करावे.

पाचवी पायरी: रोजचा वापर

नवा हीटर पहिल्यांदा ओसरीवर किंवा दारे उघडी ठेवून अर्धा तास चालवावा. आतील लेपाचा आणि धुळीचा वास निघून जातो, आणि हा वास बाळाच्या खोलीत सोडण्याचे कारण नाही. पंधरा मिनिटांनी हीटर बंद करून पिन काढावी आणि पिनेला हात लावून पाहावे. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर प्लगची पकड सैल आहे असे समजून तो बदलावा. ही तपासणी महिन्यातून एकदा करावी. माझा प्लग वितळण्याआधी दोन-तीन तास नक्कीच गरम झालेला असणार, पण हात लावून पाहण्याचे मला सुचले नाही.

आता कापसाविषयी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे निम्म्या घरांतून वेचलेला कापूस भाव वाढण्याची वाट पाहत खोलीत भरलेला असतो, आणि पुष्कळदा तीच खोली सर्वांत बंद, उबदार असल्याने बाळंतिणीची खाटही तेथेच किंवा तिच्या शेजारी टाकलेली असते. अशा खोलीत कोणताही हीटर लावू नये. शेजारच्या खोलीत लावला तरी कापसाचे तंतू हवेबरोबर तरंगत येतात. मी एकदा ब्लोअरची मागची जाळी टॉर्चच्या उजेडात पाहिली तेव्हा तिच्यावर पांढऱ्या तंतूंचा साईसारखा थर बसलेला होता आणि आतल्या बाजूला त्याची टोके तपकिरी झाली होती. त्या दिवसापासून घरात कापूस आहे तोवर ब्लोअर वापरायचा नाही असे आम्ही ठरवले आणि तेलाचा हीटर घेतला. तोही कापसापासून भिंतीच्या पलीकडे ठेवतो.

हीटर आणि अंथरूण, पडदा, कपडे यांच्यामध्ये चारही बाजूंनी निदान एक मीटर, म्हणजे हाताने दोन हात अंतर ठेवावे. बाळाची दुपटी तेलाच्या हीटरवर वाळत घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. झाकलेला हीटर आतून प्रमाणाबाहेर तापतो. कांडीचा हीटर आणि ब्लोअर झोपण्यापूर्वी बंद करावेत. रांगते मूल घरात असेल तर हीटरच्या भोवती खाटेची आडवण करावी. हवा गरम झाली की ती कोरडी वाटू लागते, ओठ आणि नाक सुकते, म्हणून खोलीत पाण्याचे पसरट भांडे ठेवावे. ते हीटरवर किंवा त्याच्या वायरीजवळ ठेवू नये.

वीज गेली की हीटरचे बटण आणि प्लगचा स्विच दोन्ही बंद करण्याची सवय घरातील प्रत्येकाला लावावी. फिरवायच्या बटणाचा हीटर वीज परत आल्यावर आपोआप सुरू होतो. वीज गेली, माणसे अंगणात जाऊन बसली, तेवढ्यात कोणी हीटरवर वाकळ टाकली आणि तासाभराने वीज आली, असे घडायला वेळ लागत नाही.

बिलाचा हिशेब

१००० वॅटचा हीटर एक तास चालला की एक युनिट होते. २००० वॅटचा हीटर सकाळी दोन आणि रात्री दोन तास अखंड चालला तर रोजचे आठ युनिट आणि महिन्याचे २४० युनिट होतात. ज्या घराचा एरवीचा वापर ९० युनिट आहे तो ३३० वर जातो. महावितरणचे घरगुती दर शंभर युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्प्याटप्प्याने चढत जातात. वरच्या टप्प्याचा दर त्या टप्प्यात पडलेल्या युनिटांनाच लागतो, सगळ्या बिलाला नाही. तरीही पहिल्या टप्प्यातच राहणाऱ्या घराला एकदम दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातले युनिट दिसले की धक्का बसतो. त्याच वेळेत ८०० वॅटचा कांडीचा हीटर वापरला तर महिन्याला ९६ युनिट वाढतात. नीट बंद केलेल्या खोलीत थर्मोस्टॅट मधूनमधून वीज तोडतो, त्यामुळे प्रत्यक्ष युनिट हिशेबापेक्षा कमी पडतात. उघड्या खोलीत थर्मोस्टॅट कधी तोडतच नाही. पहिल्या आठवड्यात रोज रात्री झोपताना मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवला की महिन्याअखेरचा अंदाज आपोआप येतो.

बिघडल्यास आणि हिवाळा संपल्यावर

वॉरंटीत बिघडलेला हीटर गावात उघडून घेऊ नये, कारण सील तुटले की कंपनी हात वर करते. आधी दुकानदाराला, मग खोक्यावरील ग्राहक सेवा क्रमांकावर सांगावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान नागपूरचे असले तरी नागपूरला जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील देण्याची सक्ती नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. पक्के बिल मात्र लागते.

फेब्रुवारीत हीटर ठेवून देताना तो पूर्ण थंड झाल्यावर जाळी कोरड्या ब्रशने झाडावी, वायर हीटरभोवती करकचून न गुंडाळता सैल वेटोळे करावे, आणि सगळे जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून झाकणाच्या पेटीत किंवा लोखंडी कपाटात ठेवावे. माळ्यावर धान्याच्या पोत्यांशेजारी ठेवलेल्या हीटरची वायर उंदीर कुरतडतात, आणि ती कुरतड बहुधा पिनेच्या अगदी जवळ, सहज न दिसणाऱ्या जागी असते. पुढच्या नोव्हेंबरमध्ये पिशवी सोडल्यावर पहिल्यांदा सगळी वायर उजेडात बोटांमधून फिरवून पाहावी, मगच ती प्लगला लावावी.